मिस्ड कॉल देणाऱ्या बायकांची एस्नात

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दाराला बेल आहे, बेलला दिवा आहे आणि दिव्याखाली कॅमेरा आहे. एस्नातने यातलं काहीही कधी वापरलं नाही. ती जिन्यातूनच हाक मारायची, "ओडी!" आणि मग दारासमोर हाताची घडी घालून उभी राहायची. दार सताड उघडं असलं तरी आतून कुणी "ओडीनी" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायची नाही. मालावीत, तिच्या गावाकडे, कुणाच्याही घरी असंच जातात. इथे अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावात कुणी जात नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार केली, की जिन्यात रोज कुणीतरी भांडतंय. एस्नात त्यांच्याकडे गेली, दाराबाहेरून "ओडी" म्हणाली, आणि उत्तर काय द्यायचं असतं ते त्यांना शिकवून परत आली.

चांगली उंच बाई. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, कमरेला फुलाफुलांचं छापील कापड गुंडाळलेलं, आणि थंडी असली तर त्यावर पुरुषी कोट. चालताना असं वाटायचं की हिला कुठेतरी बोलावलंय आणि हिच्यावाचून तिथलं अडलंय. वयाने माझ्याहून मोठी. पण तिला अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही. तिने तशी सोयच ठेवली नव्हती. ती मला "मायी शोभा" म्हणायची. तिच्याकडे बाईमाणसाला मायी म्हणतात. आमच्या साक्री तालुक्यातही बाईला मायच म्हणतात, त्यामुळे ती हाक मला पहिल्या दिवसापासून घरची वाटली. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, म्हणजे मोडकं माझं आणि ठणठणीत तिचं. इथे मी ते सगळं माझ्या भाषेत लिहिते आहे.

माझी आठवीनंतर शाळा सुटली. नणंदेने कागद केले म्हणून आम्ही अमेरिकेत आलो. नवरा एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, मी घरी पोळ्या करून आयटीतल्या मराठी घरांना देते. आले तेव्हा मला इथल्या सगळ्याची धास्ती असायची. पत्रपेटीत काय आलं असेल याची, रस्ता ओलांडण्याची, दुकानात मागे रांग वाढत चाललीय याची. पण सगळ्यांत जास्त धास्ती फोनची. इथे डॉक्टरला फोन करा, शाळेला करा, समोर माणूस येतच नाही. एक बाई गोड आवाजात भराभर सांगते, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. ती तीनवर पोचेपर्यंत मी एक विसरलेली असायचे.

एस्नातची ओळख झाली ती बिल्डिंगच्या कपडे धुण्याच्या खोलीत. मुलीच्या दाताच्या डॉक्टरला मी फोन लावला होता आणि त्या गोड बाईला घाबरून आपटून ठेवला होता. समोर ही चादरींच्या घड्या घालत होती.

"काय केलं गं तिने तुला?" तिने विचारलं.

"फार भराभर बोलते."

"ती मशीन आहे, मायी. तिची पोरं घरी रडत नाहीयेत, तिचं दूध उतू जात नाहीये. परत लाव. आणि काहीही दाबू नकोस."

मी लावला. बाई बोलून थांबली. मी गप्प. थोड्या वेळाने ती सगळं पहिल्यापासून परत बोलली. एस्नातने बोटानेच खूण केली, दाबू नकोस. बाई तिसऱ्यांदा बोलली. चौथ्यांदा बोलायला लागली तेव्हा मला हसू आवरेना, आणि हसता हसता मला सगळे आकडे पाठ झाले होते.

"बघ," एस्नात म्हणाली, "आता ती तुझी नोकर झाली." आणि चादरी उचलून निघून गेली.

ती काय काम करते ते मग हळूहळू कळलं. मालावीत ती शेतीखात्यात होती. गावोगाव मोटरसायकलवर फिरून पेरणी, बियाणं, कीड यांबद्दल सांगायची. तिथल्या सभेला पुरुष पुढे बाकांवर बसायचे आणि बायका मागे चटईवर. शेतात राबायच्या बायका, आणि साहेब बोलायचा बाकांकडे बघून. एस्नात सभेत शिरली की सरळ चालत चटईच्या मागे जायची आणि तिथून बोलायला लागायची. बाकांवरच्यांना ऐकायचं असेल तर त्यांनी वळावं. "पहिल्या वर्षी मानेने वळायचे," ती सांगे, "दुसऱ्या वर्षी बाकंच फिरवून ठेवायला लागले."

मग ती शिकायला अमेरिकेत आली, आणि शिकून झाल्यावर इथल्याच एका लहानशा संस्थेत लागली. खेड्यातल्या शेतकरी बायकांसाठी तिथे एक फोनची लाइन तयार होत होती. वाचता येण्याची गरज नाही, भारी फोनची गरज नाही. साधा बटणांचा फोन असला तरी बास. बाईने मिस्ड कॉल द्यायचा, की लाइन तिला उलटा फोन करणार आणि तिच्याच भाषेत बोलणार. आपल्याकडे मिस्ड कॉल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, तिच्याकडेही लागत नाही. ऑफिसातल्या गोऱ्या लोकांना मात्र समजावून सांगताना तिला घाम फुटला होता. "फोन करायचा पण उचलायचा नाही, हे त्यांना अशुभ वाटतं," ती म्हणे.

लाइनवर एका गावची बाई प्रश्न विचारून ठेवायची, दुसऱ्या गावची बाई उत्तर सांगून ठेवायची. पाऊस कधीचा आहे, भुईमुगाचं बियाणं कुठे आलंय, तेही लाइन सांगायची. हो म्हटलं की त्या बाईच्या नावाचं बियाणं राखून ठेवलं जायचं.

एस्नातची एक सवय मी उचलली आहे. कुणालाही काही समजावलं की ती "कळलं का?" असं कधी विचारायची नाही. "कळलं का म्हटलं की जगातली प्रत्येक बाई हो म्हणते," असं तिचं म्हणणं. ती म्हणायची, "आता तू मला सांग." मुलीचा अभ्यास घेताना मी तेच म्हणते. मुलगी इंग्रजीत कुरकुरते, "आई, यू साउंड लाइक आंटी एस्नात." साउंड करू दे.

शनिवारी सकाळी ती शेंगांची पिशवी घेऊन यायची. आमच्या दोघींचं सगळ्यात मोठं नातं शेंगदाण्याचं. भोपळ्याच्या पानांची भाजी ती दाण्याचं कूट घालून करायची. पहिल्यांदा तिने ती मला चाखायला दिली तेव्हा मी परत परत चाखत राहिले. इतक्या दुरून आलेल्या बाईच्या भांड्यात माझ्या आईच्या हातची चव कशी आली, तेच मला कळेना.

तर शेंगा फोडत बसायचं आणि लाइनसाठी आवाज निवडायला तिने टेबलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग लावायचं. चिचेवा ही तिची भाषा. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"मग मी काय ऐकू?" मी विचारलं होतं.

"तुला शब्द कळत नाहीत ना, म्हणून तुला नुसता आवाज ऐकू येईल. मला शब्द ऐकू येतात, आवाज निसटतो. हा माणूस कसा बोलतोय सांग."

"तलाठ्यासारखा."

"तलाठी कोण?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की शेंगा सांडल्या. ते रेकॉर्डिंग तिने काढून टाकलं. मग एका बाईचं लावलं. मी म्हटलं, ही वाचून दाखवतेय, मान वर करत नाहीये. तेही गेलं. तिसरी बोलली तेव्हा मी शेंग फोडायची थांबले. "ही ओट्यापाशी उभी राहून बोलतेय," मी म्हटलं. ती राहिली. अशा शनिवारी मला माझ्या अंगात काहीतरी कामाचं आहे असं वाटायचं. ते इथे आल्यापासून पहिल्यांदाच वाटत होतं.

निखिल त्याच वेळी पोळ्या न्यायला यायचा. पुण्याचा मुलगा, एस्नातच्याच ऑफिसात प्रोग्रॅमर. लाइनचं सगळं आतलं यंत्र त्याने बांधलेलं. गुणी मुलगा, पण तोंडाने "डन आहे, डन आहे" म्हणत काम पुढे ढकलणारा. एस्नात त्याला "आमचा उद्या" म्हणायची.

एक दिवस तिने नाव नोंदवायची नवी लाइन माझ्यावर करून बघायचं ठरवलं. मी मिस्ड कॉल दिला, उलटा फोन आला, बाई चिचेवात काहीतरी म्हणाली.

"नाव विचारतेय," एस्नात म्हणाली.

"शोभा," मी सांगितलं.

बाई परत बोलली. एस्नातच्या कपाळाला आठी पडली. "नवऱ्याचं नाव विचारतेय."

आता नवऱ्याचं नाव असं फाडकन कसं घ्यायचं? तोंडातून आपोआपच गेलं, "दाण्याच्या कुटाशिवाय भाजीला नाही गोडी, रमेशरावांचं नाव घेते, मशीनबाई, वाट बघा थोडी!"

निखिल खुर्चीतून पडायचा बाकी होता. मशीनबाईने अख्खा उखाणा नवऱ्याचं नाव म्हणून साठवून घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस लाइन मला फोन करून आधी तो सगळा माझ्याच आवाजात ऐकवायची आणि मग मालावीतल्या पावसाचा अंदाज सांगायची.

एस्नात हसली, पण लगेच थांबली. "निखिल, नवऱ्याचं नाव कशाला?"

"सारख्या नावाच्या बायका खूप आहेत ना. वेगळ्या कशा ओळखणार? आणि आपल्याकडे असतंच ना मधलं नाव. बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. ताई, तुमचं पूर्ण नाव काय?"

"शोभा रमेश," मी सुरुवात केली.

"बघ! बाय डिफॉल्ट."

मग एस्नातने आम्हाला सांगितलं. तिच्या भागात जमीन आईकडून लेकीला जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. पटलं नाही तर आपलं गाठोडं घेऊन आईच्या गावी परत जातो.

"म्हणजे सगळेच घरजावई?" मी विचारलं.

तिने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला, आणि हेही सांगितलं की आमच्याकडे ती शिवी आहे. तिला ते फारच आवडलं. "माझाही होता एक घर-जावई," ती तो शब्द तोडून तोडून म्हणाली. "परत गेला." यापलीकडे त्या नवऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही.

"पण मग तुमच्याकडे बायकांचंच राज्य की," निखिल म्हणाला.

"जमीन बाईची," एस्नात म्हणाली. "पण फोन पुरुषाचा, रेडिओ पुरुषाचा, सायकल पुरुषाची. तुझी लाइन नवऱ्याचं नाव विचारणार, मग त्याचा नंबर धरणार, आणि शेत जाऊन बसणार त्याच्या खिशात. काढून टाक तो प्रश्न."

"डन आहे," निखिल म्हणाला.

झालं नव्हतं. ऑफिसात म्हणे दुसरी कामं आधीची होती. लाइन तशीच गावात गेली.

ऑक्टोबरात एका सकाळी जिन्यातून हाक आली नाही. एस्नात नुसती येऊन दारात उभी राहिली. मीच म्हटलं, ये ना. ती आत आली आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्याच बोलली. तिची मोठी बहीण लव्हनेस गावी शेत करते. आईचं शेत, दोन पोरी आणि ती. तिचा नवरा भांडून त्याच्या आईच्या गावी निघून गेला, त्याला महिना झाला होता. फोन त्याचा, तो घेऊन गेला. त्या फोनवर लाइनने निरोप दिला, भुईमुगाचं बियाणं आलंय, हवं का? तो हो म्हणाला. त्याच्या नावावर बियाणं निघालं, आणि तो ते घेऊन त्याच्या आईकडे गेला. लव्हनेसला हे कळलं तेव्हा ती रिकामं पोतं घेऊन बियाण्याच्या केंद्रावर उभी होती. केंद्रातला माणूस म्हणाला, तुमचं दिलंय.

"पाऊस महिन्याभरात पडेल," एस्नात म्हणाली. "बियाण्याची पोती आहेत अजून केंद्रावर. पण लाइनच्या लेखी लव्हनेसचं शेत नाहीच. तिचं शेत चालत दुसऱ्या गावाला गेलं. हे मी केलं, मायी. बाक फिरवायला गेले आणि चटईच काढून घेतली."

मी चहा ठेवला. ती चहा न पिता निखिलला फोन लावून बसली. तो आला. यावेळी तो डन आहे म्हणाला नाही. मान खाली घालून म्हणाला, "माझ्या डोक्यात आलंच नाही यार. आपल्या घरी प्रत्येक बाईच्या नावामागे नवरा असतो, मला वाटलं ते सगळीकडेच असतं."

"पश्चात्ताप शनिवारी कर," एस्नात म्हणाली. "आज बुधवार आहे."

अडचण अशी होती की गावात गेलेली लाइन बदलायची तर मोठ्या साहेबांची परवानगी लागे, आणि मोठे साहेब म्हणत होते पुढच्या हंगामात बघू. पुढच्या हंगामापर्यंत लव्हनेसने काय खायचं, ते त्यांना विचारून झालं होतं. ते वाईट नव्हते. वाईट वाटून घेऊन ते पुढच्या विषयाकडे गेले होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. निखिलने पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन मला सांगितलं, तेच सांगते. मीटिंगमध्ये एस्नातने सगळ्यांना विनंती केली, की लाइनवर एकदा स्वतःचं नाव नोंदवून बघा. तिने आणि निखिलने रात्रीतून, फक्त त्या दिवसापुरता, एक प्रश्न उलटा करून ठेवला होता. लाइन इंग्रजीत म्हणाली, तुमचं नाव सांगा. सगळ्यांनी सांगितलं. मग म्हणाली, तुमच्या बायकोचं नाव सांगा. निखिलने सांगितलं, मृणाल. लाइन म्हणाली, धन्यवाद, तुमच्या शेताचे सगळे निरोप यापुढे मृणालच्या फोनवर जातील. तेवढ्यात खरंच तिकडे मृणालला तिच्या ऑफिसात फोन गेला, आणि तिने भर मीटिंगमध्ये निखिलला फोन केला, "अरे हे काय? मला शेंगदाण्याचं बियाणं न्यायला बोलावलंय!"

मोठ्या साहेबांचा घटस्फोट झालेला. ते गप्प राहिले. लाइन म्हणाली, नाव मिळालं नाही. तुमचं शेत नोंदवता येत नाही. धन्यवाद. आणि फोन कट. त्यांनी परत लावला. परत कट.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ताई, ही बया उभी, हाताची घडी घालून. साहेबांनी फोन खाली ठेवला आणि विचारलं, बरं, नवरा नको, मग सारख्या नावाच्या दोन बायका ओळखायच्या कशा? ही म्हणाली, आईच्या नावावरून. ते म्हणाले, आणि आईचं नावही सारखं निघालं तर? ही म्हणाली, मग त्या बहिणी असतील, आणि बहिणींचं भांडण मशीनने सोडवायचं नसतं."

परवानगी मिळाली. साहेबांच्या घटस्फोटाबद्दल एस्नातला ठाऊक होतं का, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "होतं." थोडा वेळ दाणे पाखडत राहिली. दुसऱ्या दिवशी ती कूट घातलेल्या भाजीचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवून आली. ते तिच्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत, पण डबा मात्र धुऊन परत आला.

नवा प्रश्न कुणाच्या आवाजात विचारायचा, यावर आमचा अख्खा शनिवार गेला. एस्नातने स्वतः बोलून पाहिलं. मी म्हटलं, पोलीस चौकीत विचारतात तसं वाटतंय. तिने गोड बोलून पाहिलं. मी म्हटलं, आता काहीतरी विकायला आल्यासारखं वाटतंय. ती चिडली. "मग तुमच्या गावात अनोळखी पोरीला आईचं नाव कसं विचारतात?"

"म्हाताऱ्या विचारतात ना. कुणाची लेक गं तू?"

"आमच्याकडेही म्हाताऱ्याच विचारतात," ती म्हणाली आणि उठली. गावातल्या कुणाच्या तरी फोनवर तिने आपल्या आईला गाठलं. तिची आई, एलुबे. म्हातारीला आधी काही पटेना. माझ्याच गावात मी कुणाला विचारू, मला सगळ्यांच्या आया माहीत आहेत, असं तिचं म्हणणं. शेवटी तिने विचारलं. जरा खोकून, जरा दम देऊन, पण मायेने. मला शब्द कळले नाहीत, मी नुसती मान हलवली. हाच.

निखिलने त्या आठवड्यात खरंच झोप काढली नाही. नवऱ्याचा प्रश्न गेला. नंबर आणि बाई यांची गाठ सुटली. आता कुणाच्याही फोनवरून, शेजारणीच्या, वाण्याच्या, कुणाच्याही, बाईने मिस्ड कॉल द्यायचा आणि आपलं नाव आणि आईचं नाव सांगायचं, की तिचं शेत तिला सापडणार.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, आम्ही माझ्या टेबलाभोवती बसलो होतो. मी, निखिल आणि एस्नात. लव्हनेस शेजारणीच्या फोनवरून नाव नोंदवणार होती आणि निखिल ते इथे ऐकवणार होता. माझा नवरा कामावर निघता निघता दारातच थबकला होता.

लाइन म्हणाली, नाव सांगा. लव्हनेसने सांगितलं. मग म्हातारीचा आवाज आला, खोकून, दम देऊन: कुणाची लेक गं तू?

तिकडून लव्हनेस ओरडलीच. एस्नातने तोंडावर हात घेतला.

"काय म्हणाली?" निखिल घाबरला. "चुकलं का काही?"

"म्हणाली, तुझीच की गं! दुसऱ्या कुणाची असणार!"

लाइनने तेच तिच्या आईचं नाव म्हणून साठवलं, आणि पुढे म्हणाली, तुमचं शेत नोंदवलं आहे. तुमच्या भुईमुगाचं बियाणं केंद्रावर राखून ठेवलं आहे. हवं का? यावर लव्हनेस काय म्हणाली ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या मागे बायकांचा घोळका असावा, कारण जीभ हलवत काढलेला असा एक हर्षाचा आवाज आला की फोन टेबलावर थरथरला. मग एकेक जण पुढे येऊन आपलं आणि आईचं नाव सांगायला लागली. निखिल नुसता बघत होता. त्याच्याच यंत्रातून इतक्या आया निघतील असं त्याला वाटलं नव्हतं.

मी एस्नातला म्हटलं, "त्या नवऱ्याने नेलेलं बियाणं मात्र गेलं."

"गेलं कुठे? त्याच्या आईने पेरलं असेल. तीही शेतच करते बिचारी." आणि निखिलकडे वळून म्हणाली, "तिचंही नाव लावून घे. तिच्या आईसकट."

पाऊस वेळेवर पडला. जानेवारी लागताच लव्हनेसने फोटो पाठवला, पिवळी फुलं आलेल्या वेलांमध्ये ती उकिडवी बसलेली.

त्यानंतर एस्नातने ऑफिसात नवीन खूळ काढलं: ही लाइन बेलव्ह्यूतून चालवायचं कारणच काय? ती मालावीतून चालली पाहिजे. तिकडची मुलं शिकलेली आहेत, निखिलने त्यांना शिकवावं आणि बाजूला व्हावं. साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं, की यात तुझी इथली नोकरी जाते. ती म्हणाली, मला माहीत आहे, हिशेब मलाही येतो.

मी हबकले. मला पहिल्यांदा माझंच सुचलं. म्हटलं, "तू गेलीस तर मी कुणाकडे जाऊ?"

"माझ्याकडे कुठे येत होतीस? मीच येत होते तुझ्याकडे," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

संक्रांतीला मृणालने हळदीकुंकू केलं. वाण म्हणून वाट्या-डबे द्यायचे नाहीत, उलट प्रत्येकीने एस्नातच्या गावच्या बायकांसाठी घरातला जुना, चालू फोन आणायचा, असं तिने कळवलं. एस्नात आली. एक वयस्कर काकू जरा चाचरत मला विचारायला लागल्या, हिला कुंकू लावायचं की नाही, हिचे मिस्टर? मी म्हटलं, "काकू, तिच्या गावी मिस्टर विचारत नाहीत. आई विचारतात." काकूंनी एस्नातकडे बघितलं आणि कुंकवाचं बोट पुढे केलं. अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या पार्सिपनीहून लेकीकडे आल्या होत्या त्या. जाताना स्वतःच्या पर्समधला जादाचा फोन काढून ठेवून गेल्या.

फेब्रुवारीत, शेंगा काढणीला येण्याआधी, एस्नात मालावीला निघाली. मी आणि निखिल तिला विमानतळावर सोडायला गेलो. फोन मोठ्या बॅगेत चालत नाहीत, बॅटरीमुळे ते हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात. ती बॅग बहुतेक फोनांनीच गच्च भरली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, वजन जास्त आहे, काहीतरी काढा. एस्नातने बॅग जमिनीवर उघडली, आतले दोन लोकरीचे कोट काढले आणि अंगातल्या कोटावर एकावर एक चढवले. मग फोनचे चार्जर काढून तिन्ही कोटांच्या खिशांत भरले. निखिल म्हणाला, "अगं, तिकडे उन्हाळा आहे." ती म्हणाली, "तिकडे पोचेपर्यंत तर बॅगेत फोन राहतील." तिने आम्हाला मिठी मारली तेव्हा सगळीकडून चार्जर टोचले.

तपासणीच्या रांगेत ती पुढे पुढे गेली. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. तिथल्या माणसाने तिला बॅग उघडायला लावली. इतके फोन बघून त्याने दुसऱ्याला बोलावलं. तिला परत पाठवतील, अडवून ठेवतील, काय काय मनात आलं. मागची रांग चुळबुळायला लागली. त्या माणसाने एक फोन उचलून तिच्या हातात दिला. चालू करून दाखवा म्हणत असावा. तिने केला. मग बटणं दाबली, आणि फोन त्याच्या कानाजवळ धरला. आत एलुबेचाच आवाज वाजत असावा, पण इतक्या लांबून तो आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. तो माणूस जरा वाकून ऐकत राहिला. मग सरळ होऊन त्याने तिला काहीतरी विचारलं, आणि एस्नात तीन कोटांमधून हात मोकळा करून बोलायला लागली. आम्ही निघालो तेव्हाही ती बोलतच होती.